वीस हजार पेशींची एक वेळ

शरीरातल्या घड्याळावर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास स्वतःच्या झोपेवर येतो. सकाळी जागच येत नाही, मोबाइलमुळे होत असेल का, मेलाटोनिन घेतलं तर चालेल का. या प्रश्नांची उत्तरं मला थोडीफार देता येतात, पण माझं रोजचं काम झोपेपासून बरंच लांबचं आहे. उंदराच्या मेंदूचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा डिशमध्ये जिवंत ठेवायचा, त्यातून निघणारा प्रकाश मोजत राहायचं आणि मध्येच एखाद्या रसायनाचे थेंब टाकून त्या तुकड्याची वेळ सरकते का ते बघायचं. पीएच.डी.च्या सुरुवातीला ही पद्धत शिकताना जे पाहायला मिळालं ते पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा खूपच गमतीचं निघालं. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्या फुलीच्या अगदी वर, मधल्या पोकळीच्या डाव्या-उजव्या अंगाला पेशींचे दोन छोटे पुंजके बसलेले असतात. नाव लांबलचक आहे, सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस. लॅबमध्ये सगळे एससीएनच म्हणतात. उंदरात दोन्ही मिळून साधारण २०,००० चेतापेशी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की घुशीच्या (म्हणजे इथे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या, रॅटच्या) मेंदूतला एवढाच भाग नष्ट केला तर तिचं रोजचं वेळापत्रक कोलमडतं. १९९० मध्ये मार्टिन राल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने खात्री केली. एका उत्परिवर्तित हॅमस्टरचा दिवस २० तासांचाच असायचा. त्याच्या पिल्लाच्या मेंदूतला हा भाग दुसऱ्या, घड्याळ गमावलेल्या हॅमस्टरमध्ये बसवला, तर नव्या प्राण्याचा दिवसही २० तासांचा झाला. घड्याळ कुठे आहे, या वादावर त्यानंतर पडदा पडला.

मला मात्र लगेच मेंदूपर्यंत जाऊ दिलं नाही. आधी चाकं. प्रत्येक पिंजऱ्यात धावायचं एक चाक, चाकाला चुंबक, आणि प्रत्येक फेरीची संगणकात नोंद. बारा तास उजेड, बारा तास अंधार. उंदीर निशाचर, त्यामुळे दिवे गेले की चाकं फिरायला लागतात. (खोलीतलं वेळापत्रक उलटं लावलेलं असतं, म्हणजे उंदरांची रात्र आमच्या कामाच्या वेळेत येते. नाहीतर घड्याळावर संशोधन करणाऱ्यांचीच घड्याळं आधी बिघडली असती. तशीही ती बिघडतातच.) दिवे कायमचे बंद केले तरी उंदीर रोज जवळपास त्याच वेळी धावायला लागतो, फक्त ती वेळ रोज थोडी अलीकडे येते, कारण आम्ही वापरतो त्या जातीच्या उंदरांचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित लहान असतो. माणसाचं उलट आहे. आपला अंगभूत दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा, असं चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये मोजलं. म्हणजे उंदीर काय, माणूस काय, घड्याळ रोज थोडं दुरुस्त करावंच लागतं, आणि ही दुरुस्ती मुख्यतः प्रकाश करतो.

चाकांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या की ॲक्टोग्राम तयार होतो: रोजची एक ओळ, धावणं झालं तिथे काळा पट्टा. सतत अंधारात ठेवलेल्या उंदराला त्याच्या रात्रीच्या सुरुवातीला थोडा वेळ उजेड दाखवला, तर दुसऱ्या दिवसापासून पट्टा उजवीकडे सरकतो. घड्याळ मागे पडलं. तोच उजेड रात्र संपत आलेली असताना दाखवला तर पट्टा डावीकडे येतो. घड्याळ पुढे गेलं. भर दिवसा दाखवला, तर जवळजवळ काहीच होत नाही. दिवा तोच, तेवढाच वेळ, आणि परिणाम तीन तऱ्हेचे. हे वाचून माहीत होतं, पण आपल्या हाताने लावलेल्या दिव्यानंतर तो पट्टा सरकलेला बघणं निराळंच. घड्याळाला प्रकाशाचा हुकूम मिळतो असं म्हणण्यापेक्षा, प्रकाश आला ही बातमी मिळते आणि तिचं काय करायचं ते घड्याळ स्वतःच्या वेळेनुसार ठरवतं, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

याच टप्प्यावर आणखी एक प्रयोग झाला. दिव्यांचं वेळापत्रक एकदम सहा तास अलीकडे आणायचं, म्हणजे उंदराला पूर्वेकडच्या लांबच्या विमानप्रवासाला पाठवायचं. काळा पट्टा नव्या वेळेवर उडी मारून जात नाही, रोज थोडा थोडा तिरका सरकत जातो आणि आठवडाभराने कुठे जागेवर बसतो. पुढचं सगळं काम एका अर्थी या तिरप्या पट्ट्याचंच होतं. प्रकाश तर पहिल्याच दिवशी पोहोचला, मग बाकीचे दिवस आत काय चाललेलं असतं?

त्यासाठी मेंदू बाहेर काढावा लागतो. हे लिहायला सोपं नाही, पण टाळणंही बरोबर नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिकता समितीची मंजुरी लागते. किती प्राणी, का, आणि दुसरा मार्ग का नाही, याचा एकेक शब्द तिथे तपासला जातो. उंदराला खोल भूल दिली जाते आणि पुढचं काम काही मिनिटांत उरकावं लागतं. मेंदू काढायचा तो त्याच्या दिवसाच्या वेळेत, दिवे जाण्याआधी, कारण रात्री कापला तर कापण्याच्या धक्क्यानेच घड्याळ सरकू शकतं. मेंदू बर्फासारख्या गार द्रावणात घ्यायचा, पुढचा-मागचा भाग ब्लेडने उडवायचा आणि उरलेला ठोकळा साध्या झटपट गोंदाने व्हायब्राटोमच्या चकतीवर चिकटवायचा. व्हायब्राटोम म्हणजे थरथरत्या पात्याने ऊतींचे पातळ काप काढणारं यंत्र. आमचा काप ३०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. उंदराचा एससीएन पुढून मागे मिलिमीटरभरही भरत नाही, त्यामुळे एका मेंदूतून एकच चांगला काप मिळतो, नशीब जोरावर असेल तर दोन.

तो काप ओळखायला शिकणं हीच खरी शिकवणी. सूक्ष्मदर्शकाखाली आधी तळाशी दृष्टिचेतांच्या फुलीचा पांढुरका पट्टा दिसतो. मधोमध पोकळीची उभी चीर. त्या चिरेच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याला टेकून, आजूबाजूपेक्षा किंचित गडद असे दोन लंबगोल. किंचित म्हणजे अगदीच किंचित. सुरुवातीला मला प्रत्येक कापात ते दिसायचे आणि माझ्या सीनियरला एकाही कापात दिसायचे नाहीत. “पट्टा जाड दिसतोय तोवर थांब, तो बारीक होऊन वर उचलला गेला की तू पुढे निघून गेलीस,” एवढीच तिची खूण. काप मिळाला की दोन सर्जिकल ब्लेडच्या टोकांनी भोवतालचा भाग छाटायचा आणि तो चौकोनी तुकडा डिशमधल्या सच्छिद्र पडद्यावर अलगद ठेवायचा. पडद्याखाली पोषक द्रावण, वर हवा. तुकडा द्रावणात बुडाला की गुदमरतो, कोरडा पडला की संपतो.

आता प्रकाश. हे उंदीर खास असतात. जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने २००४ मध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्या पीईआर-२ या घड्याळाच्या प्रथिनाला काजव्याचं प्रकाश देणारं एन्झाइम, ल्युसिफरेज, जोडलेलं आहे. घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते थोडक्यात असं. क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन प्रथिनं पीईआर आणि सीआरवाय यांची जनुकं चालू करतात. पीईआर आणि सीआरवाय प्रथिनं हळूहळू साठत जातात, पेशीकेंद्रात परत येतात आणि स्वतःचीच जनुकं बंद पाडतात. मग ती झिजून संपतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. एका फेऱ्याला साधारण एक दिवस. फळमाशीतल्या याच तऱ्हेच्या यंत्रणेच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आमच्या उंदरांत पीईआर-२ जेवढं जास्त, तेवढा उजेड जास्त. द्रावणात ल्युसिफेरिन, म्हणजे ल्युसिफरेजला उजेड पाडायला लागणारं रसायन, घालायचं, डिशवर काच ठेवायची, काठ व्हॅक्यूम ग्रीसने घट्ट बंद करायचे आणि डिश शरीराच्या तापमानाच्या अंधाऱ्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. वर फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे सुटे फोटॉन मोजणारं उपकरण. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. दिसतो तो संगणकावरचा आलेख.

“पहिला दिवस बघूच नकोस,” सीनियरने बजावलं होतं. पहिल्या दिवशी आकडा नुसता घसरत असतो, तुकडा कापण्यातून सावरत असतो. त्यानंतर रेघ वर जायला लागते, माथ्यावर पोहोचते, उतरते, पुन्हा चढते. शरीर नाही, डोळे नाहीत, दिवस-रात्र नाही, आणि तो तुकडा रोज एक लाट काढतो आहे. चांगला जमलेला काप कित्येक आठवडे अशा लाटा देत राहतो. न जमलेला दोन-चार दिवसांत सपाट होतो. आणि एखाद्या डिशमध्ये बुरशी धरली, तर तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

डिशमध्ये डोळा नाही, मग प्रकाश दाखवायचा कसा? इथे रसायनं कामाला येतात. डोळ्याच्या दृष्टिपटलात आकार आणि रंग पाहणाऱ्या पेशींखेरीज आणखी एक छोटा गट आहे. त्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना ते १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने घुशीत दाखवलं की एससीएनला जोडलेल्या दृष्टिपटलातल्या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, आणि सामर हत्तार यांच्या गटाने त्याच वर्षी दाखवलं की या पेशींतच मेलॅनॉप्सिन असतं. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही प्राण्यांचं आणि काही माणसांचंही घड्याळ प्रकाशाशी जुळलेलं राहतं. या पेशींच्या तारा थेट एससीएनमध्ये उतरतात आणि तिथे दोन रसायनं सोडतात: ग्लुटामेट, आणि त्याच्या सोबतीला पीएकॅप नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मेंदूपर्यंत आलेला ‘प्रकाश’ म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने एवढंच. १९९४ मध्ये मार्था जिलेट यांच्या प्रयोगशाळेने घुशीच्या कापावर ग्लुटामेट टाकून दाखवलं की रात्रीच्या सुरुवातीला टाकलं तर घड्याळ मागे पडतं, रात्रीच्या शेवटी टाकलं तर पुढे जातं. चाकावरच्या उंदराला दिवा दाखवल्यावर होतं, तसंच.

मी ग्लुटामेटऐवजी एनएमडीए वापरलं. ग्लुटामेट टाकलं की आजूबाजूच्या पेशी ते पटापट शोषून घेतात. एनएमडीए टिकतं आणि ग्लुटामेटचाच एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन, उघडतं. कागदावर सोपं आहे. डिश उघडायची, थेंब टाकायचा, थोड्या वेळाने धुवायचं, पुन्हा बंद करायचं. प्रत्यक्षात डिश उघडणं हाच एक धक्का असतो. तापमान घसरतं, द्रावण हलतं, आणि तेवढ्यानेही लाट सरकू शकते. त्यामुळे प्रत्येक औषधाच्या डिशमागे एक नुसत्या द्रावणाची, म्हणजे कंट्रोलची डिश असते, तिलाही त्याच वेळी उघडायचं, तितकंच हलवायचं, तितकंच धुवायचं. लॅबमध्ये नवीन येणाऱ्याला ही दुसरी डिश कंटाळवाणी वाटते. माझ्या मते खरा प्रयोग तीच असते. औषधाने वेळ सरकली असं म्हणायचा हक्क तिच्यामुळेच मिळतो.

लाटा मोजल्या, कंट्रोलची सरक वजा केली. रात्रीच्या सुरुवातीला दिलेल्या थेंबाने घड्याळ मागे पडलेलं स्वच्छ दिसलं. रात्रीच्या शेवटी दिलेल्याने पुढे गेलं, पण थोडंच. उंदरांत ही सरक चाकांच्या नोंदींतही लहानच असते. हे असं का होतं, ते आता आलेखावर बोट ठेवून सांगता येत होतं. रिसेप्टर उघडला की पेशीत कॅल्शियम शिरतं, त्याने क्रेब हे प्रथिन जागं होतं आणि पीईआरची जनुकं थोडी जास्त चालतात. संध्याकाळी पीईआरची जनुकं मंदावत असतात. तेव्हा भर घातली तर उतरण लांबते, घड्याळ मागे पडतं. पहाटे ती पुन्हा वाढण्याच्या बेतात असतात. तेव्हा भर घातली तर चढण लवकर सुरू होते, घड्याळ पुढे जातं. दुपारी ती तशीच जोरात चालू असतात, त्यात आणखी थोड्याने काय फरक पडणार. रसायन तेच. फरक पडतो तो ते कुठल्या वेळी पोहोचलं याने.

पण तिरप्या पट्ट्याचं कोडं यातून सुटत नव्हतं. ग्लुटामेटचा संदेश काही मिनिटांत पोहोचतो, पीईआरची जनुकं तासाभरात वाढतात. मग आठवडा कशाला?

कारण असं की डोळ्यातून आलेल्या तारा सगळ्या पेशींना भेटतच नाहीत. त्या मुख्यतः एससीएनच्या तळाकडच्या भागात उतरतात. तिथल्या बऱ्याच पेशी व्हीआयपी बनवतात, म्हणजे व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पॉलिपेप्टाइड. १९७० मध्ये सामी सईद आणि व्हिक्टर मुट यांनी ते डुकराच्या आतड्यातून वेगळं काढलं होतं, रक्तवाहिन्या सैल करणारं रसायन म्हणून. मेंदूतल्या घड्याळात त्याचं काम निघालं भलतंच. वरच्या-बाहेरच्या भागातल्या पेशी व्हॅसोप्रेसिन हे दुसरं पेप्टाइड बनवतात आणि प्रकाशाची बातमी त्यांना प्रामुख्याने व्हीआयपीकडून कळते. दिव्यांची वेळ एकदम बदलली की तळाचा भाग लवकर सरकतो, वरचा मागे रेंगाळतो, आणि काही दिवस एकाच एससीएनमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा चालू असतात.

शिवाय प्रत्येक पेशीचं घड्याळ वेगळं. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श यांनी घुशीच्या एससीएनमधल्या पेशी सुट्या करून एकाच डिशमध्ये वाढवल्या, तर शेजारशेजारच्या पेशी आपापल्या वेळेने चालत होत्या, कुणाचा दिवस चोवीस तासांहून लहान, कुणाचा मोठा. सभागृहात टाळ्या सुरू होतात, कुणी ताल देत नाही, आणि तरी ऐकता ऐकता सगळ्यांचा ठेका एक होतो. एससीएनमध्ये रोज तेच घडतं आणि एकमेकांना ऐकू जाणारी टाळी म्हणजे व्हीआयपी. ज्या उंदरांत व्हीआयपी किंवा त्याचा व्हीपॅक-२ हा रिसेप्टरच नाही, त्यांच्या बऱ्याच पेशींची लय हरवते आणि उरलेल्यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत, असं २००५ मध्ये सारा ॲटन आणि एरिक हर्झोग यांच्या गटाने दाखवलं. त्याच कामात, त्या रिसेप्टरला चालवणारं रसायन रोज ठरल्या वेळी दिलं तर व्हीआयपी नसलेल्या पेशींची लय आणि एकी परत आली. मला तो शोधनिबंध अजूनही आवडतो, कारण त्यात एकी मोडून आणि जोडून, दोन्हीही दाखवलं आहे.

मग आम्ही हे स्वतः करून पाहिलं, पण आधी दुसऱ्या मार्गाने. टेट्रोडोटॉक्सिन हे विष चेतापेशींचे विद्युत्संदेश थांबवतं, म्हणजे पेशी जिवंत, आतलं घड्याळ चालू, पण आपापसातलं बोलणं जवळजवळ बंद. फोटोमल्टिप्लायरवर लाट दिवसागणिक बुटकी होत गेली. इथे एक मेख आहे. ट्यूब सगळ्या तुकड्याचा मिळून एकच आकडा देते. लाट बुटकी झाली म्हणजे पेशी थांबल्या, की सगळ्या नीट चालताहेत पण वेगवेगळ्या वेळी चालताहेत म्हणून एकूण बेरीज सपाट दिसते? आलेखावरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

हे सोडवायला कॅमेरा लागतो. अतिशय थंड ठेवलेला, सूक्ष्मदर्शकावर बसवलेला, आणि खोलीत इंडिकेटरचा एक लाल ठिपकाही चालत नाही. प्रत्येक यंत्राचे दिवे काळ्या टेपने झाकलेले. पेशीचा उजेड इतका अंधूक की एका चित्रासाठी तासाभराचं एक्स्पोजर. दिवसभरात चोवीस चित्रं, आठवड्याची फिल्म काही सेकंदांत बघून संपते. पण त्या काही सेकंदांत मला महिन्यांच्या आलेखांपेक्षा जास्त कळलं. सुरुवातीला दोन्ही लंबगोल एकत्र उजळतात, एकत्र मावळतात. नीट पाहिलं तर एकदम नाही, उजेडाची लाट पोकळीकडच्या वरच्या कडेवरून सुरू होऊन तळाकडे पसरते. विष टाकल्यावर ही लाट विस्कटत जाते. कुठली पेशी आता उजळते, तिची शेजारीण तीन तासांनी, तिसरी त्याही नंतर. पेशी थांबलेल्या नव्हत्या. विष धुऊन टाकलं, तेव्हा हळूहळू सगळ्या परत एका वेळेवर आल्या, आणि आधी जी पेशी पुढे होती ती पुन्हा पुढे, जी मागे होती ती मागे. शुन यामागुची आणि हितोशी ओकामुरा यांच्या गटाने २००३ मध्ये नेमकं हेच प्रसिद्ध केलेलं आहे, त्यामुळे आम्हाला नवीन काही सापडलं असं नाही. तरी ती फिल्म मी खूपदा पाहिली.

व्हीआयपी हाताळणं हे वेगळं प्रकरण. २८ अमिनो आम्लांची साखळी, पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते, बाटलीच्या तळाशी असते की नाही अशी शंका यावी इतकी. एकदा विरघळवली की लहान लहान नळ्यांत वाटून गोठवायची. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली तर कामातून जाते. साध्या प्लास्टिकला चिकटते, म्हणून न चिकटणाऱ्या खास नळ्या. काम करते ती थोड्या वेगळ्या वाटेने: व्हीपॅक-२ रिसेप्टर, त्यातून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या, मग तेच क्रेब आणि तीच पीईआरची जनुकं. ग्लुटामेट आणि व्हीआयपी, दोन निरोप्ये, पण ठोठावतात ते शेवटी एकच दार.

आमची पुढची मालिका २०१३ मध्ये हर्झोग यांच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या एका उलट्या वाटणाऱ्या निष्कर्षावर बेतलेली होती. व्हीआयपी जास्त मात्रेत दिलं तर पेशींची एकी वाढायच्या ऐवजी कमी होते, वेळा विखुरतात. आणि अशा विखुरलेल्या अवस्थेत उंदरांना दिव्यांचं नवं वेळापत्रक दिलं, तर ते नेहमीपेक्षा लवकर जुळवून घेतात. थोडा विचार केला की पटतं. सगळ्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतील, तर बाहेरच्या उजेडाने सांगितलं तरी त्या सहज हलत नाहीत, कारण हललेलीला बाकीच्या मागे ओढतात. पकड सैल झाली की प्रकाशाचं ऐकणं सोपं. तिरप्या पट्ट्याचं उत्तर मला इथे मिळालं. तो आठवडा म्हणजे प्रकाश पोहोचायचा वेळ नव्हे, पेशींचं आपसात पटायचा वेळ.

आमच्या डिशमध्ये मोठ्या मात्रेनंतर फोटोमल्टिप्लायरची लाट बुटकी झाली, आणि पुन्हा तोच प्रश्न, थांबल्या की विखुरल्या. पुन्हा कॅमेरा. विखुरल्याच होत्या, बहुतेक पेशी आपापल्या लयीत नीट उजळत होत्या. किती मात्रेला एकी टिकते आणि किती मात्रेला सुटते, ती सीमारेषा शोधण्यात माझे बरेच महिने गेले. दोन टोकं स्पष्ट येतात, मधल्या मात्रा तुकड्यागणिक वेगळं वागतात. वयाने, काप कुठल्या पातळीचा आहे त्याने, तळाचा भाग किती शाबूत आलाय त्याने फरक पडतो. याच कारणाने मी हल्ली प्रत्येक कापाचा फोटो काढून ठेवते आणि आलेख बघण्याआधीच त्याला शेरा देते. आलेख आवडला म्हणून काप चांगला, असं नंतर म्हणता येऊ नये.

हे ऐकलं की लोक विचारतात, मग जेट लॅगवर व्हीआयपीची गोळी का निघत नाही. पेप्टाइड गिळलं तर पोटात पचून जाईल. रक्तात सोडलं तर त्याचं मूळ काम सुरू होईल: रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरणं आणि जुलाब. उंदरांना ते थेट मेंदूत, एससीएनच्या जवळ दिलं होतं, ते काही विमानतळावर करता येण्यासारखं नाही. २०१३ मध्येच ओकामुरा यांच्या गटाने व्हॅसोप्रेसिनचे दोन रिसेप्टर नसलेले उंदीर दाखवले, जे वेळापत्रक बदललं की जवळजवळ लगेच नव्या वेळेवर जातात. त्यावर ‘जेट लॅगवर उपाय सापडला’ अशा थाटाच्या बातम्या मी वाचल्या आहेत. मला त्या बातम्यांचा राग येतो. इतक्या सहज सरकणारं घड्याळ ढगाळ सकाळीही सरकेल, रात्री उठून कुणी दिवा लावला तरी सरकेल. रोज सूर्य थोडा मागेपुढे होतो, ढग येतात, आपण घरात बसतो, तरी वेळ टिकते ती या पेशी एकमेकींना धरून असतात म्हणूनच. प्रवासात आठवडाभर जो त्रास होतो तो याच टिकाऊपणाचा खर्च आहे. पकड थोड्या दिवसांपुरती सैल करून परत घट्ट करता आली तर गोष्ट वेगळी. आमचे सध्याचे प्रयोग त्या ‘परत घट्ट’ वरच चालू आहेत: मोठी मात्रा धुऊन काढल्यावर, रोज ठरल्या वेळी अगदी लहान मात्रा देत गेलं तर विखुरलेल्या पेशी आपोआप येतात त्यापेक्षा लवकर एका वेळेवर येतात का. म्हणजे सलग कित्येक दिवस, रोज त्याच वेळी डिश उघडायची, आणि शेजारची कंट्रोलची डिशही.